दुसरा नारळ

पांढऱ्या सदऱ्याला नीळ किती लावायची याचं एक प्रमाण असतं. कमी पडली तर कपडा पिवळट दिसतो, जास्त झाली तर माणूस रंगपंचमी खेळून आल्यासारखा दिसतो. माझ्या आयला हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण आमच्या दांडीत, कोळ्यांच्या गावात, पांढरे कपडे घालणारं होतंच कोण? बोटीवर जाणाऱ्या माणसाला कमरेला रुमाल आणि अंगात मळकी गंजी पुरे. बाबा ख्रिस्ती मंडळीत जाऊन देवाचे झाले आणि आमच्या घरात पांढरा सदरा आला. मग दर शनिवारी दुपारी आय बोंबलांचं काम बाजूला ठेवून हात दोन-दोनदा साबणाने धुवायची, बोटांना नाकाशी नेऊन वास गेला का बघायची आणि बादलीत नीळ कालवायची. रविवारी तो सदरा घालून बाबा प्रार्थनेला उभे राहिले की बाया म्हणायच्या, मोरूभाऊंच्या तोंडावर कसलं तेज आलंय बघा. तेज बाबांच्या तोंडावर असेल, मी नाही म्हणत नाही. पण सदऱ्यावरचं तेज आयचं होतं आणि त्याबद्दल कुणी देवाची स्तुती केल्याचं मला आठवत नाही.

आमचं घर बंदराच्या अंगाला, शेवटून दुसरं. पुढच्या दारातून दर्या दिसायचा आणि मागच्या दारातून चिकूच्या वाड्या. मधे आम्ही तिघं. बोंबील सुकवायचे बांबू घरासमोरच उभे होते. सकाळी आय आणि मी बोंबलांच्या जबड्यात जबडा अडकवून त्यांच्या जोड्या दोरीवर टाकायचो, आणि वारा सुटला की त्या जोड्या एकमेकींवर आपटून बारीक फडफड व्हायची. त्या आवाजावर मी लहानाची मोठी झाले. आता मी बोईसरला राहते, शाळेतून निवृत्त झाले त्यालाही पुष्कळ दिवस झाले. इथे खिडकी उघडली की कारखान्यांचा वास येतो, खाली हिंदीत भाजी विकतात, आणि शेजारणीला सुकटीच्या वासाचा त्रास होतो म्हणून मला जवळा भाजायला दार-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. घ्या! कारखान्याचा वास चालतो, जवळ्याचा चालत नाही. असो. सांगत होते आमच्या घराचं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, पावसाळ्यात नुसतं सुकं, आणि बाबा पिऊन आले की त्यातलंही अर्धं अंगणात.

बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. कामाला वाघ, असं सगळं गाव म्हणायचं. ताडी पोटात गेली की तो वाघ घरी यायचा. त्यांच्या पावलाचा आवाज आयला लांबून कळायचा. ती चूल विझवायची, कोयता उचलून माळ्यावर ठेवायची आणि मला म्हणायची, "बाय, तू काशीमावशीकडं जा." काशीमावशी शेजारची, आयची मैत्रीण म्हणा, पाठची बहीण म्हणा. तिच्याकडे बसून मी भिंतीपलीकडचं ऐकायचे. मावशी उगीच भांडी आपटत राहायची, म्हणजे मला ऐकू येऊ नये. ऐकू यायचंच.

आता नारळाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. नारळी पुनवेला दांडीतल्या प्रत्येक घरातून दर्याला नारळ जातो. बोटी पुन्हा पाण्यात जाणार, माणसं सुखरूप परत यावीत, म्हणून. सगळ्या बाया नटूनथटून, वेणीत फुलं माळून, एक-एक नारळ घेऊन बंदरावर जायच्या. माझी आय दोन घेऊन जायची. एक सगळ्यांबरोबर वाजतगाजत सोडायची, आणि गर्दी पांगली की पुढे कमरेइतक्या पाण्यात जाऊन दुसरा. तो ती फेकायची नाही. दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवायची आणि लाटेने नेईपर्यंत थांबायची. मी एकदा विचारलं होतं की आपले दोन का. तिने सांगितलं, एक बोटीचा, एक दर्याच्या देण्याचा. कसलं देणं, विचारलं तर म्हणाली, चल, वडे थंड होतात. इतकंच मला माहीत होतं की माझ्या आधी आयचं एक मूल गेलं होतं. ती पोटुशी असताना बंदरावरच्या शेवाळावर पाय घसरून पडली, असं गाव सांगायचं. आजी जिवंत होती तोवर चार बायांत आयला ऐकवायची, की पाय बघून टाकला असता तर आज घरात थोरलं लेकरू असतं. आय तोंडातून शब्द काढायची नाही.

बाबांची ताडी सुटली ती बोईसरला. बोटीचं काम बंद असताना ते तिकडे एका कारखान्यात माल चढवायला जायचे. तिथल्या रस्त्याला पत्र्याच्या खोलीत एक ख्रिस्ती मंडळी भरायची. डोंगराकडची काही वारली कुटुंबं, कारखान्यातले हिंदी बोलणारे कामगार, एक-दोन नर्सबाया आणि नगरकडून आलेले एक तरुण पास्टर. उंच, किडकिडीत, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलणारे. बाबा त्या खोलीबाहेर पडून होते, पास्टरांनी त्यांना आत नेऊन पाणी पाजलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि बाबा रडले. त्या दिवसापासून त्यांनी ताडीला हात लावला नाही. ही गोष्ट खरी आहे आणि मी ती खरी म्हणूनच लिहिते. आयच्या अंगावर पुन्हा हात पडला नाही. कालवण अंगणात गेलं नाही. कोयता माळ्यावरून खाली आला. देवाने केलं असेल तर देवाचे उपकार, मी त्याच्याशी भांडते ते यावरून नाही.

मी भांडते ते पुढच्यावरून. बाबा सुधारले, आणि आय वाट बघू लागली. मला तेव्हा कळत नव्हतं कशाची. बाबा जेवायला बसले की ती ताट वाढून जरा रेंगाळायची, पदराला हात पुसत उभी राहायची. एकदा मासळी निवडता निवडता काशीमावशीने विचारलंच, काय गो, तुला काही म्हणाला का तो? आय म्हणाली, देवाला म्हणाले. देवाने माफ केलं, आता सगळं कोरं झालं, असं सांगतात. मावशीने हातातला मासा टोपलीत आपटला आणि म्हणाली, मार तुला बसला, आणि माफ देव करतो? आय हसली. ते हसणं मला अजून आवडत नाही.

बाप्तिस्म्याची तर तऱ्हाच. पास्टरांनी ठरवलं की बाबांना त्यांच्याच गावच्या पाण्यात बुडवायचं, म्हणजे गावाला साक्ष होईल. वेळ ठरवली रविवारची उपासना आटोपल्यानंतरची. आता नगरच्या माणसाला भरती-ओहोटी काय कळणार? पण बाबा जन्माचे कोळी, पाण्याची वेळ झोपेत विचारली तरी सांगतील, त्यांनीही तोंड उघडलं नाही. देवाच्या माणसाने वेळ दिली, तिला आपण आडवं कसं जायचं, तो अविश्वास होईल, असं त्यांना वाटलं. मंडळी टाळ्या वाजवत, गाणी म्हणत बंदरावर आली तेव्हा दर्या पार लांब गेलेला. नुसता चिखल. पास्टर आणि बाबा हात धरून गुडघाभर गाळातून पाण्यापर्यंत गेले, तिथेही पाणी मांडीएवढंच, म्हणून बाबांना आडवं करून बुडवावं लागलं. परत येताना दोनदा पडले. आमच्या गावातली पोरं पोट धरून हसत होती. बाबा मात्र चिखलाने माखलेल्या पांढऱ्या सदऱ्यात उभे राहून ओरडून सांगत होते, की मी धुतला गेलो, बर्फासारखा पांढरा झालो. आय माझ्या शेजारी उभी होती. तिने त्या सदऱ्याकडे बघून विचारलं, हा गाळ कशाने निघेल गो? तो तिने खाजणाजवळच्या विहिरीवर नेऊन पुन्हा पुन्हा धुतला. बगलेखाली एक करडा डाग राहिलाच. तो नीळ लावून दिसेनासा केला.

त्या वर्षी नारळी पुनवेला बाबांनी सांगितलं, आपल्या घरातून नारळ जाणार नाही. दर्या देव नाही, ते मूर्तिपूजेचं पाप आहे. आय पहिल्यांदा अडून बसली. बोटीचा नको तर नको, म्हणाली, एकच सोडते. बाबांना कुठला एक ते बरोबर समजलं असणार, कारण त्यांचं तोंड उतरलं. पण ते म्हणाले, जुनं सगळं गेलं, पुन्हा उकरायचं नाही. त्या संध्याकाळी बंदरावर ढोल वाजत होते आणि आय चुलीपाशी बसून नारळ खवत होती. त्याच्या तिने वड्या केल्या. मला म्हणाली खा, स्वतः तोंडात घातली नाही.

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत होती. प्रवचनाआधी ज्याला वाटेल त्याने पुढे उभं राहून सांगायचं, मी आधी कोण होतो आणि देवाने मला काय केलं. चांगली पद्धत. डोंगरातल्या एका म्हाताऱ्या बाईची साक्ष मला अजून आठवते. ती फक्त म्हणाली, मी भीत होते, आता भीत नाय, आणि बसली. पण बाबांना साक्षीची चटक लागली. ताडीची सुटली आणि ही लागली, असं मी म्हणते ते लोकांना झोंबतं, पण म्हणते. पहिल्या रविवारी ते म्हणाले, मी दारू प्यायचो. पुढे म्हणाले, बायकोला मारायचो. मग कशाने मारायचो तेही आलं. जेवढं पाप मोठं तेवढी कृपा मोठी, असं पास्टर शिकवायचे, त्यामुळे बाबा खणत चालले. प्रत्येक लाथेला पुरुषांच्या बाजूने "स्तुती असो" यायची, कामगारांतून कुणी "परमेश्वर की स्तुति हो" म्हणायचा. ज्या बाईने तो मार खाल्ला ती बायांच्या बाजूला सतरंजीवर मान खाली घालून बसलेली असायची, आणि पुढच्या बाया वळून वळून तिच्याकडे बघायच्या. घरी आल्यावर एकदा ती बाबांना म्हणाली, "देव इसरला म्हनता ना? मंग दर रविवारी त्याला आठवन कशाला करून देता?" बाबा म्हणाले, तुला आत्मिक गोष्टी कळत नाहीत.

मग बेटेगावजवळच्या मैदानात मोठी सभा झाली. मांडव, माइक, मुंबईहून आलेले पाहुणे, जेवणाला वरण-भात आणि बटाट्याची भाजी. बाबांची साक्ष ठेवली होती. आदल्या दिवशी आयने सदऱ्याला इस्त्री करून घेतली, शेजारणीकडून लोखंडी इस्त्री मागून, निखारे घालून. मी तेव्हा सातवीत. आयला चिकटून बायांच्या बाजूला बसले होते. बाबा माइकपाशी गेले, गर्दी बघून त्यांचा आवाज चढला, नेहमीचं दारूचं, मारहाणीचं झालं. पाहुणे डोलत होते. मग बाबा थांबले. मला वाटलं संपलं.

ते म्हणाले, आजपर्यंत एक पाप मी कुणाला सांगितलं नाही, आज सांगतो. माझ्या बायकोला सातवा महिना होता. मी पिऊन आलो, जेवण गार होतं, आणि मी तिच्या पोटावर लाथ मारली. मुलगी मेलेली जन्मली. मी तिला फडक्यात गुंडाळलं, जाळ्याचा दगड बांधला, होडी घेऊन गेलो आणि दर्यात सोडली. गावाला सांगितलं, बायको बंदरावर घसरली.

माइकवर सांगितलं हे. हजारभर माणसांपुढे. आयने आजीची बोलणी ऐकली, गावाची ऐकली, काशीमावशीलाही कधी सांगितलं नाही, पोटच्या मुलीला सांगितलं नाही, नवऱ्याची अब्रू पदराखाली झाकून ठेवली, आणि याने ती स्वतःची पताका करून मांडवात फडकवली. आयचा हात माझ्या हातात होता, तो गार पडत गेला. पुरुषांच्या बाजूने टाळ्या झाल्या. मी चुकीचं सांगत नाही, टाळ्याच झाल्या.

पास्टरांनी माइक घेतला. त्यांचे डोळे भरले होते, ते ढोंगी नव्हते. म्हणाले, ऐकलंत? आज देव या भावाकडे पाहतो तेव्हा त्याला यातलं काहीही दिसत नाही. त्याला आपल्या पुत्राचं नीतिमत्त्व दिसतं, डाग नसलेलं वस्त्र दिसतं. जणू या माणसाने कधी पाप केलंच नाही. त्याची सगळी पापं देवाने समुद्राच्या तळाशी टाकली, आणि आता देव पुन्हा कधी तिकडे वळूनही पाहणार नाही.

आय उठली. मी तिचा पदर ओढला, तो तिने सोडवला. आमच्या बाया मासळी विकताना लांबवर हाक जाईल असं बोलतात, तिला माइक लागला नाही, आणि ती ओरडलीही नाही.

"पास्टर, एक विचारते," ती म्हणाली. "देवानं ह्यांची पापं दर्यात टाकली म्हनता. माजी पोर पन ह्यांनी दर्यातच टाकली. देव तिकडं बगनार नाय, तर माज्या पोरीला कोन बगनार?"

सवयीने कुणीतरी "स्तुती असो" म्हणालं आणि मधेच गप्प झालं. पाहुण्यांपैकी एकाने पेटीवाल्याला खूण केली, पेटी सुरू झाली, सगळे गाणं म्हणायला उभे राहिले, आणि उभ्या राहिलेल्या माणसांत आय दिसेनाशी झाली. तिला काय उत्तर मिळालं असं मला पुढे लोकांनी विचारलं आहे. गाणं मिळालं.

घरी येताना टमटममध्ये बाबा आमच्याकडे पाठ करून बसले. दारात पोचल्यावर म्हणाले, तू माझी साक्ष बिघडवलीस. मी वाट बघितली की आय आता तरी काही बोलेल, भांडेल, ताट फेकेल. तिने बोंबील उतरवायला घेतले, कारण दव पडायच्या आत उतरवायला लागतात. काशीमावशी धावत आली. बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. ती आयच्या समोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी आयचं तोंड धरलं. मला का नाय सांगितलंस, एवढंच म्हणत ती रडत राहिली. आय रडली नाही.

दुसऱ्या दिवशी पास्टर घरी आले, एकटे. बाबा बोटीवर होते. आयने कोरा चहा दिला. त्यांनी तो हातात धरून ठेवला. म्हणाले, बाई, मी रात्रभर झोपलो नाही, मी असा विचार कधी केला नव्हता. मग अडखळत अडखळत, पुस्तकातलं मराठी सोडून बोलले, "देव क्षमा केलेलं पाप बघत नाही. पण ज्याच्यावर ते पाप झालं, त्याच्यावरून तो नजर काढत नाही. तुमची मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर आहे. आणि मोरूभाऊंना देवाने माफ केलं, म्हणून तुमच्याकडे माफी मागायचं त्यांचं काम संपत नाही."

आयने विचारलं, "तुमाला वाटतं, का खरं हाय?"

"खरं आहे," ते म्हणाले.

"मंग येत्या रविवारी सांगा. ह्यांच्या कानावर पडंल असं, सगळ्यांपुडं. मी येते."

त्यांनी मान हलवली, शब्द दिला. चहा पिऊन गेले. त्या आठवड्यात आय मला बदललेली दिसली. तिने घर सारवलं, ठेवणीतलं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलं. शनिवारी सदऱ्याला नीळ लावताना ती चक्क काहीतरी गुणगुणत होती. रविवारी आम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन पुढे बसलो.

बाबा साक्षीला उभे राहिले. म्हणाले, सैतान घरच्या माणसाच्या तोंडून हल्ला करतो, माझ्या पत्नीच्या कठीण हृदयासाठी प्रार्थना करा. म्हणजे आठवडाभरात आयचा प्रश्नही त्यांच्या साक्षीत जमा झाला. मुंबईचे ते पाहुणे त्या दिवशी पुन्हा आले होते. पत्र्याच्या खोलीच्या जागी पक्की इमारत बांधून देण्याचं चाललं होतं, आणि दांडीच्या मोरूभाऊंची साक्ष ऐकून त्यांचं मन वळलं होतं. पास्टर पुढे आले. त्यांनी बायांच्या बाजूला बघितलं, आयने मान वर केली. पास्टरांची नजर खाली गेली. ते म्हणाले, आपल्या भावाने दिलेल्या धाडसी साक्षीबद्दल आपण देवाचे आभार मानू या. सगळ्यांनी डोळे मिटावेत.

मी मिटले नाहीत. आयनेही मिटले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या सगळ्या माणसांमधून ती उठली, मला हाताला धरून उठवलं, आणि आम्ही बाहेर पडलो. कुणी बघितलं नाही, बघणार कसं?

ती पुन्हा तिथे गेली नाही. पुढे दर रविवारी उपासनेच्या वेळी ती बोंबलांच्या बांबूंखाली दर्याकडे तोंड करून बसायची. हाताला काम नसायचं, आणि माझ्या आयला बिनकामाचं बसलेलं गावाने कधी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायची, देव तिकडं बगत नाय म्हनतात, म्हनून मी बगते. नीळ लावणं तिने बंद केलं. सदरा धुवायची, पण नुसता. तो महिन्याभरात पिवळा पडला, बगलेखालचा करडा डाग वर आला. बाबांनी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, "देवाला पांडराच दिसतो ना? मंग नीळ कशाला?" मला आजही हे आठवून हसू येतं.

पुढच्या नारळी पुनवेला तिने बाजारातून नारळ आणला, एकच. ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि या वेळी गर्दी पांगायची वाट न बघता, सगळ्यांदेखत, बाबा दारात उभे असताना पाण्यात उतरली. बाबा म्हणाले, हे पाप आहे. ती म्हणाली, हा देवाला नाय, हा पोरीला हाय. पहिला नारळ त्या दिवशी नव्हताच, तरी मी त्याला दुसराच म्हणते. पाण्याच्या काठावर काशीमावशी उभी होती, आणि तिच्यामागे आणखी चार-पाच बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या दोघी आजीच्या वयाच्या होत्या, आयला पाय बघून टाक म्हणणाऱ्या.

बाबा पुष्कळ वर्षं जगले. बोईसरच्या मंडळीत वडील, म्हणजे कारभारातले मानकरी, झाले, पक्क्या इमारतीत पुढच्या बाकावर बसू लागले. आयला ते पुढे कधी वावगं बोलले नाहीत, तिला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, आणि कधी माफीही मागितली नाही. लोक मला म्हणतात, अगं तो माणूस बदलला, तू अजून मनात का धरून बसलीस, क्षमा करायला शिक. मी रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाते. हो, जाते. बाबांच्या देवावर माझा विश्वास आहे, आणि बाबांना त्याने पांढरं केलं असेल यावरही आहे. पण क्षमा म्हणजे मार खाणाऱ्याने गप्प बसायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्या शेजारी मी बसत नाही. बाकं पुष्कळ असतात.

बाबा गेले तेव्हा त्यांना नवा पांढरा सदरा घातला होता, दुकानातून आणलेला. नवीन पास्टर बोलले, तेच बोलले, डाग नाही, सुरकुती नाही, देव आज याला निष्कलंक पाहतो. आय खुर्चीत बसून ऐकत होती. मातीला ते जुने पास्टरही आले होते. नोकरीतून मोकळे होऊन नगरला परत गेले होते, केस पिकलेले, पाठ वाकलेली. माती झाल्यावर ते आमच्यामागून घरापर्यंत चालत आले. अंगणात बोंबलांचे बांबू रिकामे होते, समोर पाणी चढत होतं. पास्टर आयसमोर उभे राहिले आणि म्हणाले की बाई, मी तेव्हा सांगायला हवं होतं, शब्द दिला होता. त्याचं ओझं मी आजवर वाहतो आहे. तुम्ही म्हणाल तर मी आज, या सगळ्या लोकांपुढे सांगतो.

आयने त्यांच्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आता कोनाला सांगनार, पास्टर? ज्यानं आयकायचं तो मातीत गेला."

पास्टरांनी विचारलं, निदान तुमच्या मुलीसाठी मी इथे प्रार्थना करू का?

"करा," आय म्हणाली. "तुमी डोले मिटून करता ना? मी उगडे ठेवते."

पास्टरांनी डोळे मिटले. आय दर्याकडे तोंड करून उभी राहिली.